दमलेल्या विजेचे गाणे

२ ऑगस्ट १९२७ ची सकाळ. न्यू जर्सीहून न्यूयॉर्ककडे निघालेल्या फेरीबोटीतून हॅरोल्ड ब्लॅक नावाचा २९ वर्षांचा एक इंजिनिअर कामावर चालला होता. बेल टेलिफोन लॅबोरेटरीजमध्ये तो नोकरीला होता आणि गेली काही वर्षे एकाच प्रश्नाने त्याचा पिच्छा पुरवला होता. टेलिफोनवरचे बोलणे हजारो मैल न्यायचे तर वाटेत जागोजागी तो आवाज वाढवावा लागतो आणि वाढवणारे प्रत्येक यंत्र त्यात पदरचे काहीतरी घालते. कानगोष्टींच्या खेळात शेवटच्या मुलापर्यंत पोचेतो निरोपाचे जे होते, तेच. नदी ओलांडता ओलांडता ब्लॅकला उत्तर सुचले. जवळ कागद नव्हता. हातातल्या 'न्यूयॉर्क टाइम्स'च्या एका पानावर कोरी जागा होती. तिथेच त्याने आकृती काढली, समीकरणे मांडली, तारीख घालून सही केली आणि कचेरीत पोचताच एका सहकाऱ्याची साक्षीदार म्हणून सही घेतली.

युक्ती ऐकायला साधी होती. यंत्रातून बाहेर पडणाऱ्या आवाजाचा थोडासा अंश उलटा करून पुन्हा आत सोडायचा. यंत्राने पदरचे जे घातले असेल ते तिथल्या तिथे वजा होऊन जाते. आवाज थोडा कमी वाढतो, पण निर्मळ राहतो. याला नाव पडले 'निगेटिव्ह फीडबॅक'. अमेरिकेच्या पेटंट कचेरीला ही गोष्ट इतकी अविश्वसनीय वाटली, की पेटंट हाती यायला १९३७ साल उजाडले. पुढे रेडिओ, ग्रामोफोन, सिनेमागृहातले ध्वनिवर्धक सगळ्यांत ही उलटी फिरवलेली तार आली. आवाज जसा आहे तसा पोचवायचा, हे शास्त्र त्या एका तारेवर उभे राहिले.

आणि मग गिटार वाजवणाऱ्यांनी पक्कड घेतली आणि ती तार कापून टाकली.

हे वेड नेमके काय आहे, हा आजचा विषय. इलेक्ट्रिक गिटारच्या व्हॉल्व्ह ॲम्प्लिफायरचे मागचे अंग, म्हणजे जिथे आवाजाला ताकद मिळते तो भाग, उघडून त्यात फेरफार करणारी माणसे जगभर आहेत. कुणी व्हॉल्व्ह बदलतो, कुणी दाब उतरवतो, कुणी ट्रान्सफॉर्मरच उपटून दुसरा बसवतो. सगळा खटाटोप एका गोष्टीसाठी: यंत्राने पदरचे काहीतरी घालावे, पण ते आपल्या पसंतीचे असावे.

साठी ओलांडलेल्या वाचकांना व्हॉल्व्हची ओळख करून द्यायला नको. घरातल्या फळीवर लाकडी रेडिओ असे, त्यावर क्रोशाचे विणलेले झाकण. बटण फिरवले की लगेच काही ऐकू येत नसे. आधी काचेच्या पट्टीमागचा दिवा लागे, मग हिरवा डोळा हळूहळू उघडे आणि अर्ध्या मिनिटाने कुठूनतरी लांबून आल्यासारखा आवाज जवळ येई. 'बिनाका गीतमाले'च्या वेळी तेवढे अर्धे मिनिटही जीव खाई. मागच्या भोके पाडलेल्या पुठ्ठ्यातून डोकावले, की काचेच्या नळ्यांत लालसर निखारे दिसत. त्या नळ्या म्हणजे व्हॉल्व्ह. बंगलोरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्समध्येही ते तयार होत. त्यातला ईएल ८४ नावाचा बोटभर उंचीचा व्हॉल्व्ह पुष्कळ घरगुती रेडिओंत शेवटच्या टप्प्याला असे. तोच ईएल ८४ बीटल्सच्या ॲम्प्लिफायरमध्येही होता, हे त्या काळी रेडिओभोवती बसलेल्या आपल्या आजी-आजोबांना सांगूनही पटले नसते.

व्हॉल्व्हचे काम पाटाच्या दारासारखे. नळीतली हवा काढून टाकलेली. मधोमध तापलेला कॅथोड, त्यातून इलेक्ट्रॉन उसळतात. बाहेरच्या बाजूला धातूची प्लेट, तिच्यावर शेकडो व्होल्टचा दाब, ती त्यांना ओढून घेते. दोहोंच्या मध्ये तारेची बारीक जाळी. हीच दार. जाळीवर गिटारकडून आलेली क्षीण वीज जराशी थरथरली, की त्या थरथरीबरहुकूम मोठा प्रवाह कमी-जास्त होतो. एका बोटाने दार हलवायचे आणि अख्ख्या पाटाचे पाणी नाचवायचे.

ॲम्प्लिफायरमध्ये अशी दोन घरे असतात. पुढच्या घरात लहान व्हॉल्व्ह, ते गिटारचा कुजबुजता आवाज बोलण्याइतका करतात. मागच्या घरात थोराड व्हॉल्व्हची जोडी किंवा चौकडी असते, त्यांनी स्पीकर हलवायचा. हे जोडीने काम करतात ते लाकडाच्या वखारीतल्या दोघा करवत्यांसारखे. एकाने ओढायचे, दुसऱ्याने सोडायचे. मग दुसऱ्याने ओढायचे. दोघांच्या मध्ये आउटपुट ट्रान्सफॉर्मर. त्याला भरपूर व्होल्ट आणि थोडा प्रवाह मिळतो, तो स्पीकरला थोडे व्होल्ट आणि भरपूर प्रवाह देतो. आणि या सगळ्यांना पोसणारा वीजपुरवठा. त्यातही जुन्या यंत्रांत आणखी एक व्हॉल्व्ह असतो, उलटसुलट वाहणाऱ्या विजेला एका दिशेला लावणारा. त्याला रेक्टिफायर म्हणतात.

आता या घराकडून त्याच्या ऐपतीपेक्षा जास्त काम मागितले तर? ट्रान्झिस्टर अशा वेळी सुरीने कापल्यासारखा लाटेचा माथा छाटतो आणि कानाला ते खरखरीत लागते. व्हॉल्व्ह मात्र हळूहळू वाकतो. लाटेचा माथा आधी गोलावतो, मग चपटा होतो. मूळ स्वराबरोबर त्याचे दुप्पट, तिप्पट, चौपट वेगाचे सहस्वर उमटू लागतात. जोरात तार छेडली की व्हॉल्व्ह खूप प्रवाह ओढतात, रेक्टिफायरला तेवढा पुरवठा झेपत नाही, दाब क्षणभर खाली बसतो आणि स्वर विरू लागला की पुन्हा वर येतो. शेतावरचा पंप सुरू झाला की घरातला दिवा मंदावतो, त्यातलाच प्रकार. परिणाम असा की पहिला आघात दबतो आणि मागून स्वर फुलून येतो. वादक म्हणतात, हे यंत्र श्वास घेते. मला विचाराल तर ते दमते, आणि त्या दमण्यालाच सूर आहे.

कारखानदारांना हे नको होते. कॅलिफोर्नियातल्या फुलरटनचा लिओ फेंडर हा मूळचा रेडिओ दुरुस्त करणारा. त्याला स्वतःला गिटार वाजवता येत नसे. गिऱ्हाइकांचे ऐकून तो यंत्रे सुधारत गेला. स्वच्छ आणि मोठा आवाज हे त्याचे ध्येय. १९५० च्या दशकाच्या अखेरचे त्याचे 'बेसमन' नावाचे यंत्र तर खालच्या सुरांच्या बेस गिटारसाठी होते. ६एल६ या १९३६ सालच्या अमेरिकन व्हॉल्व्हच्या कुळातले दोन ५८८१, दहा इंची चार स्पीकर आणि ब्लॅकची ती उलटी तार, सगळे जागच्या जागी. पण मुलांनी त्यात साधी गिटार खुपसली आणि खटका शेवटपर्यंत फिरवला.

बिघाडातून सूर सापडल्याच्या कथा त्याआधीच सुरू झाल्या होत्या. १९५१ साली मेम्फिसला ध्वनिमुद्रणासाठी निघालेल्या आइक टर्नरच्या वाद्यवृंदाचा ॲम्प्लिफायर वाटेत बिघडला. सॅम फिलिप्सने फाटक्या स्पीकरमध्ये कागद कोंबला आणि 'रॉकेट ८८' त्याच घरघरत्या आवाजात मुद्रित झाले. १९६४ मध्ये लंडनच्या 'किंक्स'मधल्या डेव्ह डेव्हिसने तर स्पीकरच्या कागदावर आपल्या हाताने ब्लेड चालवले. पण हे झाले स्पीकरचे हाल. मागच्या घरात खऱ्या अर्थाने हात घातला तो पश्चिम लंडनमधल्या हॅनवेलच्या एका दुकानदाराने.

जिम मार्शल हा ड्रम वाजवणारा आणि शिकवणारा. १९६० मध्ये त्याने वाद्यांचे दुकान टाकले. ड्रम घ्यायला येणारी पोरे आपल्या गिटारवाल्या मित्रांना घेऊन येत. त्यांत पीट टाउनशेंड होता, रिची ब्लॅकमोर होता. त्यांची तक्रार एकच, की फेंडरचे यंत्र हवे तर अमेरिकेहून यायला हवे आणि त्याची किंमत आवाक्याबाहेर. मार्शलच्या दुकानात केन ब्रॅन हा दुरुस्तीचे काम पाही. त्याने डडली क्रेव्हन या जेमतेम अठराच्या उमेदवार पोराला हाताशी धरले. दोघांनी बेसमनची मांडणी समोर ठेवून १९६२ मध्ये नमुने बनवायला घेतले. पाच नमुने पसंत पडले नाहीत. सहाव्याला मार्शलने मान डोलावली, असे तो पुढे सांगत असे. यंत्राचे नाव जेटीएम ४५. 'जिम आणि टेरी मार्शल', म्हणजे बाप-लेकाची आद्याक्षरे.

मांडणी जवळजवळ बरहुकूम बेसमनची, पण माल इंग्लंडमध्ये मिळेल तो. सुरुवातीचे ५८८१ लवकरच गेले आणि १९३७ पासून इंग्लंडमध्ये बनणारा जाडजूड केटी ६६ आला. ट्रान्सफॉर्मर वेगळा, स्पीकर बारा इंची सेलेस्टियन आणि तेही मागून बंद केलेल्या पेटीत. पुढच्या घरातला पहिला व्हॉल्व्हही अधिक तिखट. १९६६-६७ च्या सुमारास केटी ६६ जाऊन ईएल ३४ आला. यात कुणी सुराचा विचार फार केला असेल असे वाटत नाही. जे स्वस्त आणि हाताशी, ते लागले. पण ईएल ३४ ची जाळी अधिक हळवी, तो लवकर भरतो आणि मधल्या पट्टीतला आवाज पुढे ढकलतो. लोक ज्याला 'ब्रिटिश आवाज' म्हणतात, तो असा काटकसरीतून जन्मला.

ती उलटी तारही बदलत गेली. तिच्यावर किती अंश परत पाठवायचा हे ठरवणारा एक रेझिस्टन्स असतो. जेटीएम ४५ मध्ये तो २७ हजार ओहमचा होता, पुढच्या यंत्रांत ४७ हजार आणि नंतर १ लाखापर्यंत गेला. रेझिस्टन्स जितका मोठा, तितका लगाम सैल. लगाम सैल झाला की यंत्र आधी स्वच्छ वाजते ते वाजते आणि मग एकदम उधळत नाही, तर वाढत वाढत भडकते. १९६६ मध्ये एरिक क्लॅप्टन जॉन मेयॉलबरोबर ध्वनिमुद्रणाला गेला तेव्हा त्याच्याजवळ असेच एक मार्शल होते. स्टुडिओतल्या रीतीप्रमाणे आवाज खाली ठेवायला त्याने नकार दिला. स्टेजवर वाजवतो तसेच वाजवणार, मायक्रोफोन हवा तर लांब न्या. ती तबकडी त्याच वर्षी बाहेर आली आणि मागचे घर दमल्यावर काय होते ते जगाने ऐकले.

दुसऱ्या एका इंग्रज यंत्रात तर ती तार मुळातच नव्हती. केंट परगण्यातल्या डार्टफर्डचा टॉम जेनिंग्ज आणि त्याचा कसबी सहकारी डिक डेनी यांचे 'व्हॉक्स एसी ३०'. आपल्या रेडिओतला तो बोटभर ईएल ८४ इथे चारच्या चौकडीने बसवलेला आणि त्याच्या कुवतीच्या वर राबवलेला. म्हणून यंत्र भट्टीसारखे तापते. 'क्वीन'चा ब्रायन मे आयुष्यभर हेच वाजवत आला. खटका पूर्ण उघडा ठेवायचा आणि आवाज गिटारवरच्या बटणाने आवरायचा, ही त्याची पद्धत. ('क्वीन'चा गायक फ्रेडी मर्क्युरी हा पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेचा विद्यार्थी. पाचगणीला गेलेल्या निदान काही वाचकांनी ती वास्तू बाहेरून पाहिली असेल.)

हे सगळे आपल्याला परके वाटायचे कारण नाही. स्वरात मुद्दाम अडथळा घालून त्याला श्रीमंत करणे ही गोष्ट आपल्याकडे जुनी आहे. तंबोऱ्याची जवारी म्हणजे दुसरे काय? घोडीचा माथा किंचित गोलसर तासतात, म्हणजे थरथरणारी तार त्याला घासत राहते. तारेखाली दोरा सरकवून ती जागा केसभर मागेपुढे करतात. तार मोकळी सोडली तर स्वर शुद्ध येईल, पण बोडका. घासली, की त्यातून सहस्वरांचा झरा फुटतो. सी. व्ही. रामन यांनी १९२१ मध्ये याच घोडीचा अभ्यास करून दाखवले, की पाठ्यपुस्तकाप्रमाणे जे सहस्वर उमटूच नयेत तेही इथे उमटतात. मिरजेचे कारागीर कानसेने तासतात आणि एकेका गवयाला हवी तशी उघडी वा बंद जवारी लावून देतात. ॲम्प्लिफायरचे मागचे घर उघडणारा माणूस हातात डाग देण्याची इस्त्री घेऊन तेच करू पाहतो. फरक एवढाच की मिरजेच्या कारागिराला घोडीतून ४५० व्होल्टचा झटका बसत नाही.

दाबाचा विषय निघाला म्हणून एडी व्हॅन हेलनची गोष्ट सांगितली पाहिजे. कॅलिफोर्नियातल्या पॅसाडीना गावचा हा पोरगा. हाती १०० वॅटचे मार्शल. त्याचा सूर हवा तर खटका शेवटपर्यंत न्यायला हवा आणि तसा नेला की छोट्या जागेत माणसे कानांवर हात ठेवत. एकदा त्याने २२० व्होल्टवर चालणारे इंग्लंडचे मार्शल अमेरिकेच्या ११० व्होल्टला लावले. आवाज मेणबत्तीएवढा बारीक आला, पण खटका पूर्ण उघडल्याचा जो पोत असतो तो तसाच. मग काय, त्याने घरातल्या दिव्याच्या डिमरला ॲम्प्लिफायर जोडून पाहिला आणि घराचीच वीज घालवली. शेवटी त्याने व्हेरिअ‍ॅक आणला. आपल्याकडच्या कारखान्यांत ज्याला डिमरस्टॅट म्हणतात, ते चाक फिरवून दाब कमी-जास्त करायचे यंत्र. ९० व्होल्टच्या आसपास त्याला हवे ते सापडले. १९७८ मध्ये त्याची पहिली तबकडी आली आणि गिटार वाजवणारे जग चक्रावून गेले.

पण त्याच वर्षीच्या एका मुलाखतीत या गृहस्थाने सांगून टाकले, की मी दाब १३०-१४० वर चढवतो! खोड काढायची म्हणून, की गुपित राखायचे म्हणून, कोण जाणे. भाबड्या पोरांनी आपापल्या यंत्रांचा दाब चढवला. जुन्या व्हॉल्व्हना आणि कंडेन्सरना तो कसा सोसावा? थट्टा करणाऱ्याचे काही गेले नाही. ज्यांची यंत्रे जळली त्यांचे गेले.

इथून पुढचे वाचताना कुणाच्या हाताला खाज सुटली, तर आधी हे ऐका. या यंत्रात ४०० ते ५०० व्होल्टचा एकदिश दाब असतो आणि भिंतीतले बटण बंद करून, पिन काढून ठेवल्यावरही तो मोठ्या कंडेन्सरमध्ये दबा धरून बसतो. कधी काही मिनिटे, कधी त्याहून कितीतरी अधिक. जाणकार आधी रेझिस्टन्समधून कंडेन्सर रिकामे करतो, मीटर लावून खात्री करतो आणि चालू यंत्राची मोजणी करताना एक हात खिशात ठेवतो. म्हणजे झटका बसलाच तर तो एका हातातून दुसऱ्या हातात छातीवाटे जाणार नाही. दुसरा दंडक, स्पीकर जोडल्याशिवाय यंत्र कधीही वाजवायचे नाही. ट्रान्सफॉर्मरला भार मिळाला नाही, की त्यात उसळणारा दाब आपल्याच गुंडाळ्या जाळतो. ज्याने हे कुणा जाणत्याच्या शेजारी बसून शिकलेले नाही, त्याने झाकणाचा स्क्रूसुद्धा ढिला करू नये.

जाणता माणूस काय करतो? बहुतेक वेळा फारच थोडे. पहिले काम 'बायस'चे. वादक वाजवत नसताना प्रत्येक व्हॉल्व्हमधून किती प्रवाह वाहू द्यायचा, हे जाळीवरच्या ऋण दाबाने ठरते. ईएल ३४ च्या प्लेटला २५ वॅटपर्यंतची उष्णता सोसते. तिच्या साधारण ७० टक्के, म्हणजे साडेसतरा वॅटवर ठेवायचे म्हटले, तर ४५० व्होल्टला सुमारे ३९ मिलिअँपिअर झाले. याहून बरेच कमी ठेवले तर ते दोन करवते एकमेकांची वाट पाहू लागतात. एकाने सोडल्यावर दुसऱ्याने धरेपर्यंत फट पडते आणि आवाज कोरडा, दातेरी होतो. जास्त ठेवले तर सूर गोड आणि भरदार, पण प्लेट लाल होऊ लागते आणि महागाचा व्हॉल्व्ह वर्षाऐवजी महिन्यांत संपतो. एका छोट्या स्क्रूचा हा खेळ. पुष्कळांना हवा असलेला बदल एवढ्यातच मिळून जातो आणि ते उगाच अधिक खर्चात पडतात.

व्हॉल्व्हची जात बदलणे हे दुसरे काम, आणि ते दिसते तेवढे सोपे नाही. ६एल६ काढून ईएल ३४ खोचता येतो, बूड सारखेच आहे. पण ईएल ३४ ची एक जाळी पहिल्या पायावर येते आणि तो पाय आठव्याला जोडावा लागतो; ६एल६ मध्ये तो पाय मोकळा असल्याने कारखान्याने कदाचित तिथे भलतीच तार बांधून ठेवलेली असते. शिवाय ६एल६ चा हीटर ०.९ अँपिअर खातो, ईएल ३४ चा दीड. ट्रान्सफॉर्मरला ती भूक भागवता येईल की नाही ते आधी पाहायचे. १९७० च्या दशकात अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या पुष्कळ मार्शलमध्ये तिथल्या वितरकाने दणकट म्हणून ६५५० हे व्हॉल्व्ह घातले. पुढे तिकडच्या कारागिरांचे अर्धे आयुष्य ते काढून पुन्हा ईएल ३४ बसवण्यात गेले.

रेक्टिफायर व्हॉल्व्हच्या जागी सिलिकॉन डायोड बसवला तर दाब खाली बसत नाही, आघात ठणठणीत येतो. उलट केले तर यंत्र दमू लागते. कॅलिफोर्नियातल्या रँडल स्मिथने तर १९६० च्या दशकाच्या अखेरीस एका संगीतकार मित्राची थट्टा म्हणून त्याच्या बारक्या फेंडर प्रिन्स्टनमध्ये बेसमनची आतडी आणि बारा इंची स्पीकर कोंबला. कार्लोस सांताना ते वाजवून इतका खूश झाला, की थट्टेचा धंदा झाला आणि 'मेसा बूगी' हे नाव जन्मले.

आणि घरात वाजवणाऱ्यांचा नेहमीचा प्रश्न: १०० वॅटच्या यंत्रातले चारांपैकी दोन व्हॉल्व्ह काढले तर आवाज निम्मा होईल का? करवत्यांची जोडी न मोडता, म्हणजे प्रत्येक बाजूचा एकेक व्हॉल्व्ह काढला आणि मागची ओहमची खूण निम्म्यावर आणली, तर यंत्र व्यवस्थित चालते. १६ ओहमच्या पेटीला ८ ची खूण. पण आवाज निम्मा होत नाही. ५० वॅट म्हणजे फक्त ३ डेसिबल कमी, शेजाऱ्याला फरक कळायचासुद्धा नाही. कानाला निम्मा वाटण्यासाठी १० वॅटवर यावे लागते. म्हणून ज्याला खरोखर शेजाऱ्यांशी संबंध टिकवायचे आहेत, त्याने मुळातच पाच-दहा वॅटचे यंत्र घ्यावे.

माझे मत विचाराल, तर अमक्या कंपनीचा आणि तमक्या सालचा व्हॉल्व्ह यावर चालणाऱ्या चर्चेतले निम्मे तरी डोळ्यांनी ऐकलेले असते. छाप झाकून वाजवले तर पुष्कळ पंडित चाचपडतील. स्पीकर बदलल्याने आवाज याहून कितीतरी जास्त बदलतो. शिवाय आता संगणकाच्या चिपने या साऱ्याची नक्कल इतकी साधली आहे, की तबकडीवर ऐकताना सामान्य माणसाला ओळखू येणे अवघड. पण वाजवणाऱ्याच्या बोटांना जे कळते ते वेगळे. जोरात छेडल्यावर यंत्र मागे सरते, हलके छेडल्यावर पुढे येते. त्याच्याशी बोटांचे बोलणे चालते. त्यासाठी २० किलोचे धूड जिन्यावरून चढवणारी माणसे अजून आहेत.

त्यांची खरी चिंता निराळीच. १९६० च्या दशकातली मूळ यंत्रे मोजकीच उरली आहेत. एखाद्याने हौसेने त्यातल्या पत्र्याला भोक पाडले, मूळ ट्रान्सफॉर्मर भंगारात टाकला, की ती गोष्ट परत येत नाही. चांगला कारागीर म्हणून परत फिरवता येईल एवढाच बदल करतो आणि काढलेला प्रत्येक भाग पुडीत बांधून, वर चिठ्ठी लावून मालकाच्या हाती देतो. आणि नवे व्हॉल्व्ह? इंग्लंड-अमेरिकेतले जुने कारखाने केव्हाच थंडावले. रशियातले सराटोव्ह, स्लोव्हाकियातले चाट्झा अशा मूठभर ठिकाणांवर आणि चीनवर ही सारी दुनिया विसंबून राहिली. मार्च २०२२ मध्ये युक्रेन युद्धाच्या पाठोपाठ रशियाने निर्यातीवर निर्बंध घातले, तेव्हा सराटोव्हचा माल थांबल्याची बातमी आली आणि दुकानांतले व्हॉल्व्ह पाहता पाहता संपले, किमती चढल्या. काही आठवड्यांनी माल पुन्हा सुटू लागला, पण तोवर पुष्कळांनी आपल्या यंत्राचा बायस मुकाट्याने खाली उतरवून ठेवला होता.

राहिली ब्लॅकची ती तार. कापायची हौस असलेले गिऱ्हाईक आले, की अनुभवी कारागीर तिथे पक्कड लावत नाही. तो तारेत एक लहानसा खटका बसवतो, शक्य तर मागच्या पत्र्यावर आधीच असलेल्या एखाद्या रिकाम्या भोकात. खाली केला की तार जोडलेली, वर केला की तुटलेली. आठ-पंधरा दिवस गिऱ्हाईक तो वर ठेवून घर डोक्यावर घेते. महिन्याभराने यंत्र दुसऱ्या कशासाठी तरी दुरुस्तीला येते, तेव्हा कारागीर आधी तो खटका पाहतो. बहुधा तो खाली असतो, आणि त्याच्याभोवतीच्या पत्र्यावर नखांचे पुष्कळ ओरखडे असतात.